इ.स.पू. २२१

इ.स.पू. २२१ (शून्य वर्ष धरणाऱ्या खगोलीय गणनेत उणे २२०) : पूर्व आशियातील सात राज्यांचा दीर्घ संघर्ष संपून चीनचे पहिले साम्राज्य उभे राहिले, ते हे वर्ष. याच वर्षी स्पेनमध्ये कार्थेजच्या (उत्तर आफ्रिकेतील, रोमच्या प्रतिस्पर्धी नगरराज्याच्या) सैन्याचे नेतृत्व हॅनिबलकडे आले. मॅसिडोनियाच्या गादीवर सतरा वर्षांचा पाचवा फिलिप बसला. इजिप्तमध्ये चौथ्या टॉलेमीच्या दरबाराने राजघराण्यातील माणसांचाच काटा काढला.

त्या काळी हे वर्ष जागोजागी वेगवेगळ्या नावांनी ओळखले जाई. रोमन लोक ते पुब्लिउस कॉर्नेलिउस स्किपिओ आसिना आणि मार्कुस मिनुसिउस रुफुस या दोन कॉन्सलांच्या, म्हणजे वर्षभरासाठी निवडलेल्या सर्वोच्च अधिकाऱ्यांच्या, नावाने सांगत. ग्रीकांच्या हिशेबात उन्हाळ्यात १३९ व्या ऑलिंपियाडचे (ऑलिंपिक खेळांपासून मोजलेल्या चार वर्षांच्या कालखंडाचे) चौथे वर्ष लागले. बॅबिलोनमध्ये वसंतात सेल्युकसच्या शकाचे ९१ वे वर्ष सुरू झाले. छिन दरबारात राजाचे २६ वे वर्ष चालू होते. त्यांचे वर्ष दहाव्या महिन्यापासून मोजले जात असल्याने ते आदल्या शरद ऋतूतच सुरू झाले होते.

छिनचे साम्राज्य

छिन हे सात राज्यांपैकी सर्वांत पश्चिमेकडचे राज्य. त्याचा राजा यिंग झंग इ.स.पू. २५९ मध्ये हान्दान येथे, म्हणजे शत्रूच्या चाओ राज्याच्या राजधानीत जन्मला, कारण त्याचे वडील तिथे ओलीस होते. तेराव्या वर्षी तो गादीवर आला. इ.स.पू. २३० मध्ये हान राज्य पडले आणि पुढच्या आठ वर्षांत चाओ, वेइ, चू आणि यान यांची पाळी आली. उरले पूर्व किनाऱ्यावरचे श्रीमंत छी. शेजारी बुडत असताना छीने चाळीस वर्षे कुणाच्याही मदतीला जायचे टाळले होते. त्याचा प्रधान छिनचे सोने घेऊन गप्प बसला, असे इतिहासकार सिमा छ्येन सांगतो. छीचे सैन्य पश्चिम सीमेवर वाट पाहत राहिले आणि सेनापती वांग बन नुकत्याच जिंकलेल्या यानमधून, उत्तरेकडून खाली उतरला. छीच्या राजाने लढाई न करता शरणागती पत्करली. पुढे त्याला दूर पाइन आणि सायप्रसच्या रानात ठेवून उपाशी मारले, अशी परंपरा आहे. छिनच्या विजयाचे श्रेय नेहमी त्याच्या सैन्याला दिले जाते. शेवटचे राज्य मात्र लाच आणि भीती यांनी पडले, हे विसरता कामा नये.

विजयानंतर राजाने ‘हुआंगदी’ (सम्राट) ही नवी पदवी घेतली. पुढचे राजे दुसरा, तिसरा असे मोजले जावेत आणि ही मोजणी दहा हजार पिढ्यांपर्यंत चालावी, असा त्याचा हुकूम होता. या वर्षाचा खरा निर्णय मात्र पदवीचा नव्हता. प्रधान वांग वान याने सुचवले की यान, छी आणि चू हे प्रदेश दूर आहेत, तिथे राजपुत्रांना राजे म्हणून बसवावे. बहुतेक दरबाऱ्यांनी माना डोलावल्या. न्यायखात्याचा प्रमुख ली सी एकटा विरोधात उभा राहिला. पूर्वीच्या चौ घराण्यातील राजांनीही आपल्या मुलाबाळांना आणि भाऊबंदांना मुलूख वाटून दिले होते, पण काही पिढ्यांत तेच भाऊबंद वैऱ्यांसारखे एकमेकांवर तुटून पडले, असे त्याने बजावले. सम्राटाने त्याचे ऐकले. देशाचे ३६ प्रांत पाडले गेले आणि प्रत्येकावर मुलकी अधिकारी, लष्करी अधिकारी आणि देखरेख करणारा निरीक्षक असे तिघे नेमले गेले. हे अधिकारी केंद्रातून नेमलेले होते आणि ती पदे बापाकडून मुलाकडे जाणारी नव्हती. जन्माने मिळणाऱ्या सत्तेऐवजी नेमणुकीची सत्ता एवढ्या मोठ्या मुलखावर लागू करणे ही त्या काळातली सर्वांत धाडसी राजकीय कृती होती, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

वजने, मापे, लिपी आणि गाड्यांच्या चाकांमधले अंतर एकसारखे करण्याचा हुकूमही याच वर्षीचा. शांघाय संग्रहालयात दांडी असलेले एक चौकोनी ब्राँझचे माप आहे. त्यात जेमतेम २०० मिलिलिटर धान्य मावते. त्याच्या बाजूवर इ.स.पू. ३४४ चा लेख आहे. छिनचा सुधारक मंत्री शांग यांग याने हे माप तेव्हा ठरवून दिले होते. तळाशी मात्र इ.स.पू. २२१ चा चाळीस अक्षरांचा आदेश कोरलेला आहे. तो असा : सव्विसाव्या वर्षी सम्राटाने सर्व राज्ये जिंकून एक केली, प्रजा सुखात आहे, त्याने ‘हुआंगदी’ ही पदवी धारण केली आहे, आणि च्वांग व वान या प्रधानांना आज्ञा दिली आहे की जी मापे एकसारखी नाहीत किंवा शंकास्पद आहेत ती सर्व स्पष्ट आणि एकसमान करावीत. म्हणजे माप नवे नव्हते. छिनमध्ये १२३ वर्षे चाललेलेच माप आता हरलेल्या सहा राज्यांच्या बाजारांत सक्तीचे झाले. हाच मजकूर अनेक वजनांवर आणि मापांवर सापडतो. धान्य मोजणारा कारकून रोज तो हाताळत असणार.

भाषेवरही हुकूम चालला. हूनान प्रांतातील लीये येथे २००२ मध्ये एका जुन्या विहिरीतून छिन काळातील कचेरीची हजारो कागदपत्रे निघाली. ती लाकडाच्या पट्ट्यांवर लिहिलेली आहेत. त्यांतल्या एका फळीवर कोणता जुना शब्द टाकून कोणता नवा वापरायचा याची यादी आहे. राजाशी संबंधित शब्द बदलले हे समजण्यासारखे आहे, पण डुकरासाठीचा शब्दही या यादीतून सुटलेला नाही. राजधानी श्यानयांगपासून शेकडो मैल दूर, डोंगराळ मुलखातल्या एका छोट्या कचेरीत ही यादी पोचली होती, यावरून या राज्ययंत्रणेची पकड कळते.

देशभरातली शस्त्रे गोळा करून वितळवली गेली. त्यांतून घंटा आणि बारा धातूचे पुतळे घडवले गेले, प्रत्येकी हजार शी वजनाचे, म्हणजे आजच्या हिशेबाने साधारण ३० टनांचे. १ लाख २० हजार श्रीमंत कुटुंबांना घरदार सोडून श्यानयांगला येऊन राहावे लागले. ‘प्रजा सुखात आहे’ हे मापावरचे वाक्य वाचताना ही कुटुंबे आठवल्याशिवाय राहत नाहीत. सक्तीची भरती आणि कठोर शिक्षा यांनी पिचलेल्या लोकांनी इ.स.पू. २०९ मध्ये उठाव केला आणि दहा हजार पिढ्यांचे घराणे दुसऱ्या सम्राटानंतर कोसळले. त्यानंतर आलेल्या हान घराण्याने सुरुवातीला राजपुत्रांना मुलूख वाटून पाहिले, त्यांची बंडे सोसली आणि अखेर ली सीच्याच वाटेने जाणे पत्करले.

स्पेन आणि रोम

कार्थेजचा स्पेनमधील सेनापती हासद्रुबाल याची या वर्षी हत्या झाली. त्याने ठार केलेल्या एका सरदाराच्या सेवकाने धन्याचा सूड घेतला. चांदीच्या खाणींजवळ नवे कार्थेज (आजचे कार्ताहेना) वसवणारा आणि रोमशी एब्रो नदीचा (कार्थेजच्या सैन्याने ती ओलांडू नये असा) करार करणारा हासद्रुबाल तलवारीपेक्षा वाटाघाटींवर भर देणारा होता. सैनिकांनी त्याचा मेहुणा हॅनिबल याला एकमुखाने सेनापती म्हणून निवडले आणि कार्थेजने त्या निवडीवर शिक्कामोर्तब केले. हॅनिबल तेव्हा २६ वर्षांचा होता आणि त्यांतली सोळा वर्षे त्याने स्पेनच्या छावण्यांत काढली होती. त्याने लगेच ओल्काड जमातीवर स्वारी केली आणि त्यांचे मुख्य ठाणे घेतले. खंडणी वसूल करून तो हिवाळ्यासाठी नव्या कार्थेजला परतला आणि सैनिकांना सढळ हाताने पैसे वाटले. दोन वर्षांनी त्याने रोमच्या मित्रशहराला, स्पेनमधील साग्युंटमला वेढा घातला आणि तिसऱ्या वर्षी आल्प्स ओलांडून इटली गाठली. रोमचे कॉन्सल त्या मोसमात ॲड्रियाटिकच्या टोकाला, धान्याची जहाजे लुटणाऱ्या इस्त्रियाच्या लोकांशी लढत होते.

ग्रीक राज्ये

मॅसिडोनियाचा राजा अँटिगोनस डोसन हा इलिरियन टोळ्यांशी लढताना रणात मोठ्याने ओरडला, त्याची रक्तवाहिनी फुटली आणि त्या दुखण्यातून तो उठला नाही. त्याच्यामागे फिलिप आला. अलेक्झांड्रियात सोसिबिउस या मंत्र्याने नव्या राजाचा भाऊ मागास, चुलता लिसिमाकस आणि आई बेरेनिके यांना एकामागून एक संपवले.

सीरियाच्या तिसऱ्या अँटिओकसचे हे वर्ष अपयशाचे गेले. विशीतल्या या राजाने मंत्री हेर्मियास याच्या आग्रहाने इजिप्तच्या ताब्यातील दक्षिण सीरियावर चाल केली, पण बेका खोऱ्यात इजिप्तच्या सेनापतीने त्याची वाट अडवली. तिकडे मीडिया प्रांतात (आजच्या वायव्य इराणात) मोलोन या सुभेदाराचे बंड पेटलेले होते. त्याच्यावर पाठवलेला सेनापती झेनोएतास तैग्रिस ओलांडून गेला तेव्हा मोलोन छावणी तशीच सोडून निघून गेला. राजाचे सैनिक तिथल्या खाण्यापिण्यावर तुटून पडले आणि झिंगून झोपले. पहाटे मोलोन परतला आणि झोपेतच त्यांची कत्तल झाली. जे नदीकडे पळाले त्यांतले बरेच बुडाले. माणसे, घोडी, ओझ्याची जनावरे, ढाली आणि प्रेते पाण्याबरोबर वाहत चालली होती, हे चित्र ग्रीक इतिहासकार पॉलिबिउस याने रंगवले आहे. यानंतर मात्र अँटिओकस स्वतः पूर्वेला निघाला आणि पुढच्या वर्षी मोलोनचा निकाल लागला.

पॉलिबिउसने आपला मुख्य इतिहास पुढच्याच ऑलिंपियाडपासून सुरू केला. जवळपास सगळीकडे सत्ता नव्या माणसांच्या हाती गेली होती आणि तिथून इटली, आफ्रिका, ग्रीस आणि आशिया यांच्या घडामोडी एकमेकींत गुंतत गेल्या, हे त्याने दिलेले कारण. पुढच्या घटनांनी ते खरे ठरवले : इ.स.पू. २१७ मध्ये रफिया येथे टॉलेमीने अँटिओकसला हरवले आणि २१५ मध्ये फिलिपने हॅनिबलशी तह केला. चीनची मात्र त्याला कल्पना नव्हती.

भारताचा धागा

अशोकाच्या मृत्यूला तेव्हा सुमारे दहा वर्षे झाली होती आणि मौर्य साम्राज्य उतरणीला लागले होते. या काळातल्या भारतीय राजांचा इतिहास वर्षावार मांडता येत नाही, तरी वर आलेल्या तीन राजांचा अशोकाशी थेट संबंध जुळतो. शाहबाजगढी येथील त्याच्या तेराव्या शिलालेखात अंतियोक, तुरमाय आणि अंतिकिनि ही नावे आहेत. सर्वसाधारण मतानुसार ते दुसरा अँटिओकस, दुसरा टॉलेमी आणि अँटिगोनस गोनाटस होत. इ.स.पू. २२१ चे अँटिओकस, टॉलेमी आणि फिलिप हे याच तिघांचे नातू. शस्त्रापेक्षा धर्माने मिळवलेला विजय श्रेष्ठ, हा संदेश आजोबांच्या नावे कोरला गेला आणि नातू लढाईत गुंतले. याच लेखमालेतील आठव्या आणि नवव्या लेखांचे तुकडे मुंबईजवळच्या सोपाऱ्याला सापडले आहेत.

मोलोनला संपवून पूर्वेकडचे सुभे पुन्हा ताब्यात घेत गेलेला अँटिओकस इ.स.पू. २०६ च्या सुमारास हिंदुकुश ओलांडून काबूल खोऱ्यात उतरला. तिथल्या सुभागसेन या भारतीय राजाशी त्याने जुनी मैत्री नव्याने पक्की केली, हत्ती घेतले आणि एकूण दीडशे हत्तींचा ताफा जमवून तो परतीच्या वाटेला लागला.