पुसलेले पट्टे परत: लेझर, एक तार आणि पोलरायझर फिल्मचे चार तुकडे

प्रकाशाच्या दोन लहरी मिसळून उजळ-गडद पट्टे पडतात, याला व्यतिकरण म्हणतात; पुस्तकांत ते दोन फटींनी दाखवतात. पण १८०३ साली थॉमस यंगने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याचा जो प्रयोग मांडला, त्यात दोन फटी नव्हत्याच. छिद्रातून आलेल्या उन्हाच्या झोतात इंचाच्या तिसाव्या भागाएवढी अरुंद कार्डाची पट्टी धरली, की तिच्या सावलीत पट्टे दिसत. एका कडेचा प्रकाश अडवला, की ते जात. ध्रुवित प्रकाशाने (ज्याच्या लहरींच्या डोलण्याची दिशा, म्हणजे ध्रुवण, ठरलेलं असतं) हे पट्टे घालवून परत आणायचा प्रयोग घरी करायचा तर हीच रीत बरी. पाव मिलिमीटर अंतरावरच्या दोन फटींवर वेगवेगळी फिल्म बसवणं भलतंच किचकट.

कार्डाऐवजी ०.३ मिमी जाडीची सरळ ताणलेली तार घ्या. लाल लेझर पॉइंटर (६५० नॅनोमीटर, ५ मिलिवॉटच्या आतला) घट्ट बसवा आणि झोत तारेवर मधोमध पाडा. अंधाऱ्या खोलीत, ३ मीटरवरच्या भिंतीवर ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना साधारण ६.५ मिमी अंतराने पट्टे दिसतील. तरंगलांबीला भिंतीच्या अंतराने गुणून तारेच्या जाडीने भागलं, की हा आकडा येतो. झोतात डोळा नको, आणि चकचकीत तारेवरून उडणाऱ्या प्रकाशाकडेही लक्ष ठेवा.

आता पोलरायझर फिल्म, म्हणजे आपल्या अक्षाच्या दिशेत डोलणारा प्रकाशच पार जाऊ देणारी फिल्म. एक तुकडा उभ्या अक्षाचा, दुसरा आडव्या अक्षाचा कापा. एकावर एक ठेवल्यावर काळोख झाला पाहिजे. मग दोघांच्या कडा एकमेकींना भिडवा आणि सांधा तारेमागे लपवा. पातं नवीन हवं. कडेचे धागे तारेबाहेर डोकावले तर प्रकाश विखुरतो. सेलोटेप फक्त कोपऱ्यांना, कारण झोताच्या वाटेत आली तर ती ध्रुवणच बदलते. तिसरा तुकडा पॉइंटरपुढे ४५ अंशांत लावा आणि झोत सर्वांत उजळ होईपर्यंत पॉइंटर त्याच्या अक्षाभोवती फिरवा.

भिंतीवर आता पट्टे नाहीत, नुसती सलग लाल रेघ आहे. तारेच्या डावीकडून आलेली लहर उभी, उजवीकडची आडवी. काटकोनातल्या लहरी एकमेकींना खोडू शकत नाहीत. पण रेघेवर सगळीकडे प्रकाश सारखा नाही, फक्त त्याचा उजेड सारखा आहे. दोन लहरींतला कलाफरक (एक लहर दुसरीच्या किती पुढे-मागे आहे ते) जागोजाग बदलतो, त्यामुळे ध्रुवणही बदलत जातं: एका जागी ४५ अंश, थोडं पुढे वर्तुळाकार (डोलण्याची दिशा गोल फिरत राहते), मग १३५ अंश, पुढे उलट दिशेचं वर्तुळाकार, आणि पुन्हा ४५. पट्टे गेलेले नाहीत, ते ध्रुवणात दडले आहेत आणि डोळ्यांना ध्रुवण वेगळं कळत नाही.

चौथा तुकडा तार आणि भिंत यांच्यामध्ये ४५ अंशांत धरा: पट्टे परत. ९० अंशांवर पुन्हा सपाट रेघ, कारण एकाच बाजूचा प्रकाश पार होतो. १३५ वर पट्टे येतात, पण उजळ-गडद जागांची अदलाबदल होऊन. ४५ आणि १३५ अंशांची दोन्ही चित्रं बेरजेत मांडली तर पुन्हा ती सलग रेघच मिळते. चौथी फिल्म काही निर्माण करत नाही, निवड करते. अशा प्रयोगाबद्दल म्हटलं जातं, की प्रकाश तारेच्या कुठल्या बाजूने आला हे ध्रुवणावरून कळतं म्हणून पट्टे जातात, आणि चौथी फिल्म ती माहिती पुसते. म्हणूनच ‘मार्गाची माहिती पुसली, म्हणून व्यतिकरण परतलं’ हे वाक्य लेझरच्या झोतापुरतं तरी जरा जास्तच नाट्यमय आहे. इथे लहरींची साधी बेरीज पुरते.

पट्टे परतलेच नाहीत, तर आधी पॉइंटरपुढची फिल्म तपासा. ती नसेल आणि लेझर अध्रुवित असेल, तर चौथी फिल्म कशीही फिरवा, काही दिसणार नाही, कारण उभ्या-आडव्या घटकांत स्थिर कलाफरकच नसतो. फ्रेनेल आणि अरागो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी हे १८१९ मध्येच नोंदवलं होतं, तेही अभ्रकाच्या पातळ पापुद्र्यांच्या थप्प्या पोलरायझर म्हणून वापरून. दुसरी नेहमीची चूक म्हणजे चौथी फिल्म डोळ्यापाशी धरून भिंतीकडे पाहणं. चुन्याची किंवा रंगाची भिंत ध्रुवण विस्कटून टाकते.

वर्तुळाकार ध्रुवणाचा ३डी सिनेमाचा चष्मा मिळाला, तर चौथ्या फिल्मच्या जागी त्याची एकेक काच धरून पाहा. बाहेरची बाजू लेझरकडे हवी. दोन काचांतून दिसणारे पट्टे एकमेकांपासून अर्ध्या अंतराने सरकलेले दिसतील, आणि ४५ अंशांच्या पट्ट्यांपासून पाव अंतराने.