आलेला डोळा आणि फुगलेला डोळा

दर हिवाळ्यात तेच. आभाळ आठवडाभर उघडलेलं नसतं, सगळे कंटाळलेले असतात आणि कुणीतरी उघड्या फांदीचा फोटो टाकतं: "डोळे आले, वसंत आलाच!" अहो, डोळे, म्हणजे फांदीवरच्या पानाफुलांच्या मिटलेल्या कळ्या, आत्ता आलेले नाहीत. ते होतेच तिथे.

फुटलेल्या डोळ्याबद्दल काही सांगायला नको. हिरवं टोक बाहेर आलं की कुणालाही कळतं. घोळ होतो तो सुप्त, म्हणजे झोपलेला डोळा आणि नुकता फुगू लागलेला डोळा यांत.

सफरचंद, चेरी, मॅग्नोलिया, बीच या पानगळीच्या झाडांचे डोळे आधीच्या उन्हाळ्यातच तयार होतात. पानांआड झाकलेले असतात, पानं गळली की उघडे पडतात, एवढंच. मॅग्नोलियाचे लवदार, टपोरे डोळे सगळ्यात जास्त फसवतात, कारण ते अख्खा हिवाळा तसेच दिसतात.

शिवाय झाडाला आधी पुरेशी थंडी लागते. मोजतात ती साधारण ० ते ७ अंशांतल्या तासांत. सफरचंदाच्या बऱ्याच जातींना असे ८०० ते १००० तास तरी हवेत. तेवढी थंडी मिळाल्याशिवाय चार दिवस छान ऊन पडलं तरी डोळा ढिम्म हलत नाही. त्यानंतर मात्र त्याला ऊब हवी. म्हणूनच पानगळ होताच तोडून घरात पाण्यात ठेवलेली सफरचंदाची फांदी बहुधा तशीच वाळते, आणि हिवाळा सरताना तोडलेली फुलते.

ओळखायचं खवल्यांवरून, म्हणजे डोळ्याला झाकणाऱ्या छोट्या पापुद्र्यांवरून. सुप्त डोळ्याचे खवले कौलांसारखे एकावर एक घट्ट बसलेले असतात, सगळे एकाच मळकट रंगाचे. डोळा फुगू लागला की ते सरकतात आणि त्यांच्या कडेला फिकट, हिरवट किंवा गुलाबीसर पट्टी दिसते. आजवर झाकलेला, ऊनपाऊस न लागलेला तो भाग. सुरुवातीला जेमतेम केसाएवढा, त्यामुळे जवळ जाऊनच बघावं लागतं. पट्टी नसेल तर डोळा कितीही गुबगुबीत असो, माझ्या लेखी तो झोपलेलाच. शंका असेल तर फांदीला दोरा बांधा आणि आठवड्याने तोच डोळा पुन्हा बघा. खवले सोलून आत डोकावू नका, डोळा जातो. नखाने साल खरवडून "आत हिरवं आहे!" म्हणणाऱ्यांनाही हात जोडतो, त्यावरून फांदी जिवंत आहे एवढंच कळतं.

हेझल या झुडपाचे लोंबते फुलांचे तुरेही असेच, हिवाळ्याआधीच आलेले, आखूड आणि ताठ. ते लांबून सैल झाले आणि टिचकी मारल्यावर पिवळी पूड उडाली, तरच बोला.

आणि एवढी घाई तरी कशाला? सफरचंदाचा सुप्त डोळा उणे २० अंशांतही तगतो. तेच फूल पूर्ण उमललं की उणे २ च्या आसपास इजा व्हायला लागते, उणे ४ ला बहुतेक फुलं जातात. भर हिवाळ्यात फिकट पट्टी दिसली की बागवाल्यांच्या पोटात गोळा येतो, कारण कडाक्याच्या रात्री अजून संपलेल्या नसतात.