नसलेला ड्राइव्ह 1: कमोडोर 64 वरच्या फ्लॉपी कॉपीची पार्श्वभूमी

कमोडोर 64 या जुन्या घरगुती संगणकावर एका फ्लॉपीवरची फाइल दुसरीवर न्यायची म्हटलं की पहिला घोळ ‘ड्राइव्ह’ या शब्दाचाच होतो. कमांडमधला 0 हा ड्राइव्ह नंबर, तर 8 किंवा 9 हा डिव्हाइस नंबर. कमोडोरचे दोन 1541 फ्लॉपी ड्राइव्ह जोडले तर त्यांना 8 आणि 9 हे नंबर द्यावे लागतात, 0 आणि 1 कधीच नाही.

हे व्याकरण मुळात 1541 चं नव्हेच. त्याआधीच्या 4040 या ड्राइव्हमध्ये एकाच पेटीत फ्लॉपीच्या दोन खाचा होत्या आणि दोन्हींवर एकच डॉस, म्हणजे डिस्क चालवणारी प्रणाली. ‘डी1=0’ (0 ची प्रत 1 वर) पाठवलं की संगणकाला मध्ये न घेता अख्खी फ्लॉपी उतरायची. 1982 चा 1541 एकाच खाचेचा, तरी भाषा तीच ठेवली. ‘डी’ला तो 31 नंबरची सिंटॅक्स एरर देतो. फाइल कॉपीची ‘सी0:नवं=0:जुनं’ ही कमांड चालते, पण प्रत त्याच फ्लॉपीवर पडते. सुसंगतीसाठी असं केलं, हे समर्थन अर्धंच पटतं, कारण जी खाच नाही तिचे अवशेष रॉममध्ये राहिले. ‘@’ लावून जुन्या फाइलीवर सेव्ह करताना कधीकधी मजकूर बिघडायचा. हा दोष खरा की भ्रम, यावर बरीच वर्षं वाद चालला. मूळ निघालं बफरवाटपात, म्हणजे ड्राइव्हच्या रॅममधल्या तात्पुरत्या जागा वाटण्यात. आधी जुनी फाइल ‘एस0:’ या पुसण्याच्या कमांडनं पुसावी, मग सेव्ह करावं, हेच सुरक्षित.

दोन्ही 1541 कारखान्यातून 8 नंबरनंच येतात. 1541 मध्ये नंबर कायमचा बदलायला बोर्डावरचा जंपर (जोडणीचा छोटा दुवा) कापावा लागतो. तात्पुरता बदल हवा तर एकच ड्राइव्ह चालू ठेवून चॅनल 15 वरून, म्हणजे ड्राइव्हला कमांड देण्याच्या वाटेनं, ‘एम-डब्ल्यू’ (मेमरीत लिहा) या कमांडनं ड्राइव्हच्या मेमरीतल्या 119 या पत्त्यापासून 41 आणि 73 हे दोन बाइट लिहायचे, मग दुसरा चालू करायचा. 8 वरून लोड आणि 9 वर सेव्ह हा मार्ग फक्त बेसिक प्रोग्रामांचा. मेमरीत 49152 या पत्त्यावर, बेसिकच्या जागेबाहेर बसणारा मशीन कोड त्यातून सुटतो, कारण सेव्ह बेसिकचीच जागा उतरवतं.

ड्राइव्ह एकच असेल तर फ्लॉपीचे 683 ब्लॉक (प्रत्येकी 256 बाइट) संगणकाच्या 64 केबीतून न्यायला वाचण्या-लिहिण्याच्या निदान तीन फेऱ्या कराव्या लागतात, प्रत्यक्षात बहुधा चार. दोन्हींचा आयडी सारखा असला तर ड्राइव्ह फसू शकतो आणि पहिलीचा बॅम (कोणते ब्लॉक मोकळे याची नोंद) धरून दुसरीवर लिहितो. बदलल्यावर नोंद नव्यानं वाचायला लावणारी ‘आय0’ ही कमांड पाठवावी.

वेग सेकंदाला जेमतेम 400 बाइट. 6522 चिपच्या शिफ्ट रजिस्टरवर (बिट आपोआप ओळीनं पाठवणाऱ्या भागावर) प्रसारण सोपवायचा बेत त्या चिपमधल्या दोषानं फसला आणि एकेक बिट सॉफ्टवेअरनं ढकलावा लागला. पुढच्या कॉपी प्रोग्रामांनी ड्राइव्हच्या 2 केबी रॅममध्येच आपला कोड उतरवला. त्यातल्या काहींत दोन 1541 केबलवरून थेट एकमेकांशी बोलत आणि संगणकाची केबल काढली तरी कॉपी चालू राही.