मार्फन सिंड्रोम

मार्फन सिंड्रोम हा संयोजी ऊतकाचा आनुवंशिक विकार आहे. रक्तवाहिन्यांच्या भिंती, हृदयाच्या झडपा, सांध्यांचे अस्थिबंध, डोळ्यातले भिंग जागेवर धरून ठेवणारे तंतू, मज्जारज्जूभोवतीचे आवरण या सगळ्यांना बळकटी देणारे ऊतक या विकारात जन्मापासूनच कच्चे असते. त्यामुळे एकच आजार शरीरात अनेक ठिकाणी दिसतो. रुग्ण चष्म्यासाठी एका डॉक्टरांकडे, वाकलेल्या पाठीसाठी दुसऱ्यांकडे, धाप लागते म्हणून तिसऱ्यांकडे जात राहतो आणि या सगळ्या तक्रारींचे मूळ एकच आहे हे बराच काळ कोणाच्याच लक्षात येत नाही. साधारण ५,००० माणसांमागे एकाला हा विकार असतो. स्त्री-पुरुष, देश, जातपात असा भेद त्यात नाही. जिवाला खरा धोका असतो तो हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीमुळे (डॉक्टरांच्या बोलण्यातली ‘एओर्टा’). मात्र हा धोका अचानक कोसळण्याच्या कितीतरी वर्षे आधी मिलिमीटरमध्ये मोजता येतो. या आजाराबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली, तर ती ही.

कारण

पंधराव्या गुणसूत्रावरील एफबीएन-१ या जनुकात दोष असल्याने हा विकार होतो. हे जनुक फायब्रिलिन-१ नावाचे प्रथिन तयार करते. १९८६ मध्ये लिन सकाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रथिन शोधले, आणि १९९१ मध्ये हॅरी डिएट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुकातला दोष दाखवला. फायब्रिलिनचे बारीक तंतू लवचीक ऊतकाचा सांगाडा उभा करतात. शिवाय टीजीएफ-बीटा हा वाढीचा संदेश देणारा रेणू ते बांधून ठेवतात. तंतू सदोष असले की हा संदेश प्रमाणाबाहेर पोहोचतो आणि रक्तवाहिनीची भिंत आणखी बिघडत जाते.

वारसा प्रभावी प्रकारचा आहे. आईला किंवा वडिलांना विकार असेल, तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता निम्मी. मुलगा असो वा मुलगी, पहिले असो वा चौथे. सुमारे एक चतुर्थांश रुग्णांच्या घरात मात्र आधी कोणालाच तो नसतो, बदल त्यांच्यापासूनच सुरू होतो. आपल्याकडे मामाच्या किंवा आत्याच्या मुलीशी लग्न झालेले असले की सगळा दोष त्या नात्यावर ढकलला जातो. तसे काही नसले तर गरोदरपणातल्या ग्रहणावर, म्हणजे पर्यायाने आईवर. मार्फनच्या बाबतीत या दोन्ही गोष्टींना आधार नाही. नात्यातल्या लग्नाने धोका वाढतो तो दोन्हीकडून दोष यावा लागणाऱ्या विकारांचा. मार्फनसारखाच दिसणारा होमोसिस्टिन्युरिया हा त्यातला एक, आणि त्याचे उपचार वेगळे असल्याने त्याची शहानिशा करून घ्यावी लागते.

इतिहास

आंत्वान मार्फन या फ्रेंच बालरोगतज्ज्ञांनी १८९६ मध्ये पॅरिसमध्ये गॅब्रिएल नावाच्या पाच वर्षांच्या मुलीचे वर्णन केले. तिची लांबसडक, सडपातळ बोटे त्यांना कोळ्याच्या पायांसारखी वाटली होती. तिला झालेला विकार आज ‘मार्फन’ म्हणून ओळखला जाणारा नसून त्याच्याशी मिळताजुळता दुसराच असावा, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. नाव मात्र रुळले. महारोहिणीशी असलेला संबंध १९४३ मध्ये स्पष्ट झाला आणि व्हिक्टर मॅक्युसिक यांनी १९५०च्या दशकात संयोजी ऊतकांच्या आनुवंशिक विकारांचा स्वतंत्र अभ्यास उभा केला.

सर्वसामान्यांना हा आजार ठाऊक झाला तो फ्लो हायमन या अमेरिकी व्हॉलीबॉलपटूच्या मृत्यूने. १९८४च्या ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवलेल्या संघातली ही उंचपुरी खेळाडू २४ जानेवारी १९८६ रोजी जपानमधील मात्सुए येथे सामना चालू असताना बाकावर बसल्या जागी कोसळली. वय ३१. आधी हृदयविकाराचा झटका समजला गेला. शवविच्छेदनात मार्फन आणि फाटलेली महारोहिणी आढळली. त्यानंतर तिच्या भावाची तपासणी झाली, त्यालाही तोच विकार निघाला आणि त्याच्यावर वेळेत शस्त्रक्रिया झाली. एकाचे निदान झाले की घरातल्या सगळ्यांची तपासणी का करायची, याचे याहून ठळक उदाहरण नाही.

ओळख

काही खुणा घरबसल्या पाहता येतात. अंगठा तळहातावर आडवा ठेवून मूठ मिटली, तर अंगठ्याचे नख करंगळीच्या बाजूने पूर्ण बाहेर येते. दुसऱ्या हाताच्या मनगटाला अंगठा आणि करंगळीचा वेढा घातला, तर दोन्ही बोटे एकमेकांवर चढतात. हात पसरून मोजलेली लांबी उंचीपेक्षा जास्त भरते, १.०५ पटीहून अधिक भरल्यास तिला महत्त्व असते. याखेरीज आत खचलेली किंवा पुढे आलेली छाती, बाकदार कणा, सपाट पावले, उंच अरुंद टाळू आणि त्यामुळे दाटीवाटीने उगवलेले दात, वजनात चढउतार नसतानाही कंबरेवर-खांद्यावर उठलेले ताणाचे वण. यांतली एखादी खूण असंख्य निरोगी माणसांतही असते, म्हणून नुसती बोटे पाहून घाबरून जाऊ नये. उलट, उंची बेताची आहे म्हणून मार्फन नाही असेही म्हणता येत नाही. उंचीची तुलना त्या घरातल्या इतरांशी करायची असते.

निदानासाठी २०१० मध्ये सुधारलेले गेंट निकष वापरतात. त्यात सर्वाधिक वजन दोन गोष्टींना आहे : महारोहिणीच्या मुळाशी आलेला फुगवटा आणि भिंग जागेवरून सरकणे. शरीरावरच्या बाकीच्या खुणांना गुण असतात आणि ७ किंवा अधिक गुण झाले की ते ग्राह्य धरतात. जनुक तपासणीने निदान पक्के व्हायला मदत होते. तिचा खरा उपयोग मात्र कुटुंबासाठी. एका रुग्णातला नेमका बदल सापडला की बाकीच्यांमध्ये तेवढाच शोधावा लागतो.

महारोहिणीवर लक्ष

दर ठोक्याला हृदयातून उसळणारे रक्त प्रथम महारोहिणीच्या मुळावर आदळते. कच्ची भिंत तिथे हळूहळू ताणली जाते. दुखत नाही, धाप लागत नाही, ईसीजीतही काही दिसत नाही. दिसते ते छातीवर जेल लावून केलेल्या टू-डी इकोमध्ये. म्हणून निदान झाल्यावर एकदा, सहा महिन्यांनी पुन्हा आणि मग साधारण दर वर्षी इको करायचा, हा या आजाराच्या उपचाराचा कणा आहे. अहवालात ‘एओर्टिक रूट’पुढे लिहिलेला आकडा रुग्णाने स्वतःच्या वहीत उतरवून ठेवावा. मुलांच्या बाबतीत तो आकडा शरीराच्या आकाराशी ताडून ‘झेड स्कोअर’ काढतात. शक्यतो इको एकाच ठिकाणी करावा, कारण दोन ठिकाणच्या मोजमापात एकदोन मिलिमीटरचा फरक सहज पडतो आणि इथे निर्णय तेवढ्याच फरकावर होतात.

भिंतीवरचा मारा कमी करण्यासाठी अटेनोलॉल, प्रोप्रानोलॉल किंवा मेटोप्रोलॉलसारखी बीटा-ब्लॉकर औषधे देतात. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७० रुग्णांच्या अभ्यासात प्रोप्रानोलॉलने फुगवटा वाढण्याचा वेग मंदावला होता. लोसार्टन या रक्तदाबावरच्या औषधाबद्दल २००६ मध्ये उंदरांवरील प्रयोगाने मोठी आशा निर्माण केली. २०१४ मध्ये ६०८ मुले आणि तरुणांवर झालेल्या चाचणीत ते अटेनोलॉलपेक्षा सरस ठरले नाही. आज दोन्हींपैकी एक किंवा दोन्ही मिळून वापरतात. रक्तदाब मुळात नॉर्मल असतानाही ही गोळी रोज घ्यायची असते. ‘बीपी तर नाही, मग गोळी कशाला’ असे म्हणून ती बंद करणारे पुष्कळ आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगावे लागते.

प्रौढांत मुळाचा व्यास ५ सेंटिमीटरला पोहोचला की शस्त्रक्रिया सुचवतात. घरात कोणाची महारोहिणी फाटलेली असेल किंवा फुगवटा झपाट्याने वाढत असेल, तर ४.५ सेंटिमीटरलाच. ह्यू बेंटॉल यांनी १९६८ मध्ये वर्णन केलेल्या पद्धतीत झडप आणि महारोहिणीचे मूळ दोन्ही बदलतात. टायरोन डेव्हिड यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या पद्धतीत स्वतःची झडप राखून फक्त नळी बदलतात. तिसरा मार्ग एका रुग्णानेच काढला. टाल गोल्सवर्दी या इंग्लिश अभियंत्याला स्वतःला मार्फन होता. त्याने स्कॅनवरून आपल्याच महारोहिणीच्या मापाची जाळीदार बाही तयार करवली आणि २००४ मध्ये लंडनमध्ये ती प्रथम त्याच्यावरच बसवली गेली.

शस्त्रक्रिया वेळेवर करण्याला किती महत्त्व आहे, हे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६७५ रुग्णांच्या पाहणीत दिसते. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर तीस दिवसांत १.५ टक्के रुग्ण दगावले होते. तातडीने कराव्या लागलेल्यांत ११.७ टक्के. १९७२च्या अभ्यासात मार्फन रुग्णांचे सरासरी मृत्युवय ३२ होते. १९९०च्या दशकातल्या पाहणीत आयुर्मान सत्तरीपार गेलेले दिसते.

तातडीची वेळ

महारोहिणीची आतली भिंत चिरली की छातीत किंवा दोन खांद्यांच्या मधोमध अचानक, फाडल्यासारखी कळ येते. ती पित्ताची किंवा गॅसची समजून सोडा पीत बसणे जिवावर बेतते. हृदयाकडच्या भागातली चीर उपचाराविना राहिल्यास पहिल्या दोन दिवसांत दर तासाला सुमारे १ ते २ टक्के या गतीने मृत्यूचा धोका वाढतो. दुसरी चूक इस्पितळात होऊ शकते : हार्ट अटॅक समजून रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन दिले, तर चिरलेल्या भिंतीतून होणारा रक्तस्राव आवरत नाही. म्हणून रुग्णाच्या पाकिटात आणि घरच्यांच्या मोबाइलमध्ये ‘मार्फन सिंड्रोम आहे, महारोहिणी चिरल्याची शंका घ्या, सीटी अँजिओ करा’ असे स्पष्ट लिहिलेले असावे. १०८ला फोन करतानाही आजाराचे नाव आधी सांगावे.

अचानक एका बाजूला छातीत टोचून दम लागला, तर फुप्फुसाभोवती हवा भरलेली असू शकते. डोळ्यांपुढे वीज चमकल्यासारखे होणे किंवा पडदा ओढल्यासारखे दिसणे हे दृष्टिपटल सुटल्याचे लक्षण आहे. दोन्हींना त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

रोजचे जगणे

शाळेत उंच मुलाला हमखास शेवटच्या बाकावर बसवतात. मार्फन असलेल्या मुलाला मोठा मायनस नंबर असतो, निम्म्याहून अधिक जणांचे भिंग सरकलेले असते. त्याला फळा दिसतच नाही आणि शेरा पडतो ‘लक्ष देत नाही’ असा. पालकांनी शाळेला लेखी कळवून पुढची जागा मागावी. नंबर लवकर दुरुस्त झाला नाही तर तो डोळा कायमचा आळशी होऊ शकतो. मोठेपणी, विशेषतः लग्न ठरवताना, चष्मा घालवण्यासाठी लेसर करण्याचा आग्रह होतो. मार्फनमध्ये ते सहसा करू नये असाच सल्ला असतो.

खेळाचे शिक्षक उंची पाहून अशा मुलाला बास्केटबॉल-व्हॉलीबॉलसाठी हेरतात. तिथे नाही म्हणणे मुलाला फार लागते, म्हणून काय करता येईल हेही त्याच वेळी सांगायला हवे. चालणे, निवांत पोहणे, सपाट रस्त्यावर सायकल, गप्पा मारता येतील इतपत दमवणारा कोणताही व्यायाम चालतो, आणि तो करावाच. टाळायचे ते श्वास कोंडून जोर लावण्याचे प्रकार : वजने उचलणे, जोर काढणे, कुस्ती, रस्सीखेच, योगवर्गातला दीर्घ कुंभक. कबड्डीतली धडक आणि दहीहंडीच्या थरात खांद्यावर माणूस घेणेही नको. तारकर्लीला गेल्यावर स्कूबा डायव्हिंगचा मोह फुप्फुसांसाठी आवरावा. भरलेला हंडा, धान्याचे पोते, गॅसचा सिलिंडर उचलण्याचे काम घरातल्या दुसऱ्याने करावे. हमाली किंवा बांधकामावर पोट असलेल्याला हा सल्ला पाळणे सोपे नसते; डॉक्टरांनी त्याला कामाबद्दल विचारल्याशिवाय औषधाची चिठ्ठी हातात देऊ नये.

औषधांच्या दुकानात एक गोष्ट आवर्जून सांगावी. जुलाब किंवा लघवीच्या जळजळीवर आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातल्या प्रतिजैविकांनी महारोहिणीला इजा होण्याचा धोका वाढतो. अमेरिकी औषध नियामकांनी २०१८ मध्ये मार्फन रुग्णांचा नामोल्लेख करून तसा इशारा दिला आहे. दुसरा पर्याय असताना ती घेऊ नयेत.

धातूची झडप बसवलेल्यांना रक्त पातळ ठेवणारी वॉर्फरिन किंवा असेनोकुमारॉल ही गोळी जन्मभर लागते आणि ठरावीक काळाने आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा आकडा) तपासावा लागतो. पालक, मेथी, शेपू या भाज्यांतल्या के-जीवनसत्त्वाने गोळीचा परिणाम बदलतो. भाज्या सोडायच्या नाहीत, प्रमाण दर आठवड्याला सारखे ठेवायचे. दुखण्यावर मनाने कॉम्बिफ्लामसारखी गोळी घेऊ नये. दात काढण्याआधी झडपेबद्दल सांगावे, कारण आधी प्रतिजैविक द्यावे लागते.

लग्न आणि बाळंतपण

स्थळ मोडेल या भीतीने निदान लपवले जाते आणि ते बाहेर येते बाळंतपणात, जेव्हा ते सर्वांत धोक्याचे असते. गरोदरपणात रक्ताचे आकारमान वाढते, भिंतीवरचा ताणही वाढतो. मुळाचा व्यास ४.५ सेंटिमीटरहून अधिक असेल, तर आधी शस्त्रक्रिया आणि मग मूल, असाच सल्ला देतात. ४च्या आत असेल तर नियमित इको करत बहुतेकींचे बाळंतपण सुखरूप होते. लोसार्टन गर्भाला घातक असल्याने ते आधीच थांबवावे लागते, वॉर्फरिनबद्दलही आधी ठरवावे लागते. मज्जारज्जूचे आवरण फुगलेले असेल तर कंबरेतून दिलेली भूल नीट पसरत नाही, म्हणून भूलतज्ज्ञांना आजाराची कल्पना हवी. बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडेही जोखमीचे. घरी सोडले म्हणजे धोका टळला असे नव्हे.

खर्च आणि सवलती

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयशस्त्रक्रियांचा समावेश असून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. नेमकी कोणती शस्त्रक्रिया मंजूर होते, हे दाखल होण्याआधी इस्पितळातल्या आरोग्यमित्राकडून पक्के करून घ्यावे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत मार्फनचे नाव नाही. अल्पदृष्टी किंवा कण्याचे व्यंग ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असेल, तर मात्र त्या शीर्षकाखाली प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो, आणि परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिक मिळवण्यासाठी तेच कामी येते.