मिड-ड्राइव्ह मोटर संच, माउंटन बाइकचा

मिड-ड्राइव्ह मोटर संच : साध्या सायकलच्या पायडलांच्या आसाशी बसवायची विद्युत मोटर आणि तिच्यासोबत येणारा कंट्रोलर (मोटरीला किती वीज द्यायची हे ठरवणारा भाग), बॅटरी, हँडलवरचा डिस्प्ले व संवेदक यांचा जोडसंच. चाकाच्या हबमध्ये बसणाऱ्या मोटरीहून तो एका मूलभूत बाबतीत निराळा आहे. येथे मोटरीची शक्ती स्वाराच्या पायांच्या शक्तीबरोबर त्याच चेनवरून, त्याच गिअरांतून मागच्या चाकाकडे जाते. माउंटन बाइकला हा संच मानवतो तो यामुळे, आणि तो बसवताना येणाऱ्या बहुतेक अडचणीही यातूनच निघतात.

इतिहास : पायडलांच्या आसापाशी मोटर बसवण्याची कल्पना कोणाची, यावर लेखकांत मतभेद आहेत. अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन (धाकटे) यांना १८९५ साली मिळालेल्या एकस्वात मोटर मागच्या चाकाच्या हबमध्ये आहे. १० व्होल्टच्या बॅटरीतून १०० अँपिअरपर्यंत प्रवाह घेण्याची तिची मांडणी होती. बॉस्टनचे होझिया लिबी यांच्या १८९७ च्या एकस्वात (क्र. ५९६२७२) दुहेरी मोटर क्रँकच्या (पायडलांच्या दांड्यांच्या) आसाभोवती दाखवलेली आहे. त्यामुळे लिबी हेच मिड-ड्राइव्हचे जनक, असे पुष्कळ ठिकाणी लिहिले जाते. मोटरीची जागा हा एकच निकष धरला तर ते मान्य करावे लागेल. पण आज मिड-ड्राइव्ह म्हणताना केवळ जागा अभिप्रेत नसते. मोटरीला सायकलचे बदलते गिअर वापरता येणे, हा त्यातला सत्त्वांश आहे. लिबींच्या काळी डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारी गिअरची यंत्रणा, प्रचारात नव्हता. टूर द फ्रान्ससारख्या शर्यतीतही त्याला परवानगी मिळायला १९३७ साल उजाडले. म्हणून लिबींना पूर्वसूरी म्हणणे रास्त, जनक म्हणणे थोडे घाईचे वाटते.

पायडल मारताना तेवढ्यापुरतीच साथ देणाऱ्या मोटरीचा विचार जर्मन भाषक प्रदेशात १९८० नंतर पुढे आला. एगोन गेलहार्ड यांचे १९८२ चे काम या संदर्भात सांगितले जाते. मात्र मोठ्या प्रमाणावर उत्पादन झालेली पहिली सायकल म्हणून १९९३ साली जपानमध्ये विक्रीस आलेल्या यामाहाच्या ‘पास’ या सायकलकडेच बहुतेक अभ्यासक बोट दाखवतात. पायडलांवर किती जोर पडतो हे मोजायचे आणि त्या प्रमाणात मोटरीने हात द्यायचा, ही आजची रीत तिच्यापासून रूढ झाली. प्रस्तुत संचाचा खरा आरंभ इथून धरणे अधिक सयुक्तिक आहे.

सुटा संच विकत घेऊन घरी बसवण्याची प्रथा २००० नंतरच्या दशकातली. तैवानचा सायक्लोन हा त्यातला एक जुना संच. त्यात मोटर फ्रेमला बाहेरून टांगलेली असे आणि ती वेगळ्या चेनने क्रँकला जोडलेली असे. मोटर चालू असता पायडलेही फिरू नयेत म्हणून या मांडणीत फ्रीव्हील असलेला क्रँक लागे. चीनमधील सुजौ येथील बाफांग कंपनीने (स्थापना २००३) साधारण २०१२-१३ च्या सुमारास बीबीएस मालिका आणली. मोटर, कंट्रोलर, आस आणि एकदिश क्लच हे सारे एकाच डब्यात आल्याने अर्ध्या दिवसात बसणारा संच हौशी माणसाच्या आवाक्यात आला. बीबीएस०२ (७५० वॅटपर्यंत) आणि बीबीएसएचडी (१,००० वॅट) हे त्यातले सर्वपरिचित प्रकार. टाँगशेंग कंपनीचा टीएसडीझेड२ नंतरचा. त्यात टॉर्क संवेदक (पायाचा जोर मोजणारा) आहे, आणि हौशी प्रोग्रामरांनी त्यासाठी मुक्त-स्रोत फर्मवेअर (मोटर चालवणारी, कोणालाही बदलता येणारी आज्ञावली) लिहिल्यामुळे त्याचा एक वेगळा चाहतावर्ग तयार झाला. दरम्यान बॉश, शिमानो, ब्रोझे या कंपन्यांच्या मोटरी थेट कारखान्यातच, खास घडवलेल्या फ्रेममध्ये येऊ लागल्या. तरीही संच मागे पडले नाहीत, कारण जुनी, चांगली, अंगवळणी पडलेली हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली) सायकल टाकून द्यायला कोणाचे मन होत नाही.

गिअर आणि चढ : स्वार, सायकल व संच मिळून १०० किलो वजन धरू. शंभरात दहाचा चढ ताशी १० किमी वेगाने चढायला केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे २७० वॅट लागतात. खडबडीत पायवाटेचा रोध धरला तर ३०० च्या वर. सराव असलेल्या माणसालाही तासभर हा जोर टिकवणे कठीण. हबमधली मोटर थेट चाकाला बांधलेली असल्याने अशा संथ चढावर तिचे फेरे फार खाली येतात. प्रवाह भरपूर घेतला जातो, पण त्यातला मोठा भाग उष्णतेत जातो आणि मोटर तापते. मिड-ड्राइव्हमध्ये स्वार गिअर उतरवतो आणि मोटर तिला सोसेल अशा वेगानेच फिरत राहते. २९ इंची चाकाचा परीघ अंदाजे २.३ मीटर. पुढे ४२ आणि मागे ४२ दाते असताना मिनिटाला ७० फेऱ्यांनी सायकल ताशी साडेनऊ-दहा किमी धावते. मागे ११ दात्यांवर चेन टाकली की त्याच फेऱ्यांत ३६ च्या पुढे. एकाच मोटरीकडून घाट आणि सपाटी दोन्ही करून घेता येतात ते या फरकामुळे. अर्थात स्वाराने गिअर बदलले पाहिजेत. उंच गिअरवर चेन ठेवून थ्रॉटल पिळत चढ चढणाऱ्याने मिड-ड्राइव्ह घेण्यात काहीच अर्थ नाही.

बॉटम ब्रॅकेट : संच बसेल की नाही हे फ्रेमचा बॉटम ब्रॅकेट शेल (पायडलांचा आस ज्यातून जातो ती आडवी नळी) ठरवतो, आणि ही चौकशी पैसे देण्याआधी करावी. बहुतेक संच ६८ ते ७३ मिमी रुंदीच्या, इंग्लिश आट्यांच्या शेलसाठी बनलेले आहेत (१.३७ इंच व्यास, इंचाला २४ आटे). १०० आणि १२० मिमीच्या रुंद शेलसाठी बीबीएसएचडीचे वेगळे, लांब आसाचे प्रकार मिळतात. ते जाड टायरच्या फॅट बाइकसाठी. अलीकडच्या प्रेस-फिट (आट्यांऐवजी ब्रॅकेट दाबून बसवायच्या) फ्रेममध्ये शेल रुंद आणि भोक मोठे असते, तेथे अडॅप्टर लागतो. फुल सस्पेन्शन फ्रेममध्ये शेलच्या मागेच पिव्हट (मागचा भाग हलण्याचा सांधा) किंवा फुगीर चेनस्टे (मागच्या चाकाकडे जाणारी खालची नळी) असतो आणि मोटरीचा उजवीकडचा दातेरी चक्रांचा डबा त्याला अडतो. अशा फ्रेममध्ये कानस चालवून जागा करण्याचे सल्ले दिले जातात. ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर आणि तेही जोडाजवळ असे करणे धोक्याचे आहे. कार्बन फ्रेमबाबत तर विचारही करू नये.

बसवणी : क्रँक पुलरने दोन्ही क्रँक काढून जुना ब्रॅकेट सोडवतात. इंग्लिश पद्धतीत उजव्या बाजूचे आटे उलटे असतात, हे विसरून जोर लावला तर ब्रॅकेटचा कप (आट्यांनी बसणारी कडा) अधिकच घट्ट बसतो. शेलखालून जाणाऱ्या गिअर केबलचा प्लास्टिकचा मार्गदर्शक बहुधा हलवावा लागतो. शेल आतून पुसून मोटरीचा आस उजवीकडून सरकवायचा. शेलचे आटे येथे वापरले जात नाहीत. डाव्या बाजूला दात असलेली पट्टी, मग मोठा नट आणि त्यावर लॉकनट, एवढ्यावर मोटर धरलेली असते. नव्या माणसाची चूक नेमकी येथे होते. चेन ओढली गेली की मोटरीच्या डब्यावर उलट दिशेचा पीळ येतो आणि पुढे लोंबणारी मोटर वर, डाउनट्यूबकडे (फ्रेमच्या पुढून खाली येणाऱ्या तिरप्या नळीकडे) उचलली जाते. नट सैल असेल तर प्रत्येक जोराच्या चढावर ती थोडी थोडी हलते, आणि हलणारा आस मऊ ॲल्युमिनियमचा शेल आतून खातो. म्हणून मोटर आधीच डाउनट्यूबलगत वर फिरवून मग आवळतात. त्यामुळे दगडांपासून तिची थोडी उंचीही राखली जाते. पहिल्या ५०-१०० किमीनंतर दोन्ही नट पुन्हा आवळणे हा नियमच समजावा.

चेनरेषा : संच बसवणारे ज्याकडे सर्वांत कमी लक्ष देतात आणि ज्याची किंमत सर्वांत जास्त मोजतात, ती गोष्ट म्हणजे चेनची रेषा. मोटरीच्या उजवीकडचा डबा शेलच्या बाहेर आलेला असतो. सोबत येणारी ४४-४६ दात्यांची चेनरिंग (पुढचे दातेरी चक्र) त्यावरून थाळीसारखी आत वाकवलेली असते, म्हणजे दाते कॅसेटच्या (मागच्या चक्रांच्या संचाच्या) मध्याच्या बऱ्यापैकी समोर येतात. डोंगरी चढांसाठी ही रिंग मोठी पडते, म्हणून लोक ३०-३४ दात्यांची रिंग शोधतात. पण इतकी लहान रिंग डब्यावरून आत वाकू शकत नाही. ती डब्याच्या बाहेरच बसते. चेनरेषा बाहेर सरकते आणि मागच्या सर्वांत मोठ्या, म्हणजे ज्यासाठी हा खटाटोप केला त्याच चक्रावर चेन सर्वांत तिरपी धावते. ती घासते, उडते, आणि मोटरीच्या जोराखाली दाते झिजवते. साधारण ४२ दात्यांची, आत खोल वाकवलेली, एकाआड एक जाड-बारीक दात्यांची रिंग आणि मागे ४२ किंवा त्याहून मोठे चक्र, ही जोडी बहुतेक हार्डटेलवर अधिक टिकाऊ ठरते. सर्वाधिक जोराची दोन-तीन मोठी चक्रे पोलादी असावीत. चेन नऊ गिअरांच्या जाडीची घेतली तर आयुष्य वाढते, असे मानणारे पुष्कळ आहेत.

मोटर जोरात असताना गिअर बदलला तर चेन तुटण्याची किंवा दाते जाण्याची भीती असते. गिअरच्या केबलवर एक लहान संवेदक बसवला की बदलाच्या क्षणी तो मोटर पळभर थांबवतो. ब्रेक दाबताच मोटर तोडणारे लिव्हर संचात येतात, मात्र ते केबलच्या ब्रेकचे. हायड्रॉलिक ब्रेक असलेल्याने लिव्हरवर चिकटवायचा चुंबकी संवेदक घ्यावा. हा भाग ऐच्छिक मानण्याची पद्धत आहे, ती चुकीची आहे. उतारावर, वळणाआधी, मोटर अर्धा क्षण उशिरा थांबली तरी मागचे चाक सुटते.

संवेदक : बीबीएस मालिका पायडल फिरते आहे एवढेच ओळखते आणि ठरलेल्या पातळीची साथ देते. पायवाटेवरच्या मुळांत, दगडांत, जिथे स्वार अर्धा फेरा मारून थबकतो, तिथे ही साथ झटक्याने येते. टॉर्क संवेदक पायाचा जोर मोजतो, म्हणून साथ पायाच्या मागोमाग येते. डोंगरी वापरासाठी ती उजवी, याबद्दल फारसा वाद नाही. पहिल्या प्रकारातही कंट्रोलरमधील सुरुवातीचा प्रवाह आणि तो वाढण्याचा दर कमी करून बरीच सुधारणा होते. दोन्ही प्रकारांत मोटर आणि आस यांच्यामध्ये एक नायलॉनचे दंतचक्र असते. ते आवाज कमी ठेवते, पण मोटर सतत तापली की मऊ पडून त्याचे दाते जातात.

बॅटरी : ३६ व्होल्टच्या संचात १० सेल एकसर (एकापुढे एक जोडलेले), ४८ मध्ये १३ आणि ५२ मध्ये १४. पूर्ण भरल्यावर व्होल्टता अनुक्रमे ४२, ५४.६ आणि ५८.८. साडेतीन अँपिअर-तासांचे १८६५० आकाराचे सेल १३ एकसर आणि ४ समांतर जोडले तर ४८ व्होल्ट, १४ अँपिअर-तास, म्हणजे सुमारे ६७० वॅट-तास होतात. किलोमीटरला १० ते २० वॅट-तास धरले तर डोंगरी वाटेवर ३५ ते ६५ किमी. कंट्रोलर २५ अँपिअर ओढत असेल तर चार समांतर सेलांपैकी प्रत्येकावर सहा अँपिअरहून अधिक भार येतो. सेल आणि बीएमएस (बॅटरीवर देखरेख ठेवणारे सर्किट) त्या भाराचे आहेत का, हे पाहूनच बॅटरी निवडावी. घरी बॅटरी बांधणाऱ्याने सेलला सोल्डर लावू नये, निकेलची पट्टी स्पॉट वेल्डरने जोडावी. जुन्या लॅपटॉपमधले, वेगवेगळ्या वयाचे सेल एका बॅटरीत घालू नयेत. पडून पोचा आलेली किंवा पाणी शिरलेली बॅटरी घरात चार्जिंगला लावणे म्हणजे झोपलेल्या माणसांशेजारी विस्तव ठेवणे होय. बॅटरी फ्रेमच्या त्रिकोणात, खाली आणि मध्यभागी असावी. कॅरिअरवर ठेवली तर चढावर पुढचे चाक उचलते आणि उतारावर सायकल मागून झोल देते.

कायदा : युरोपीय संघात ईएन १५१९४ या मानकानुसार मोटरीची अखंड शक्ती २५० वॅट आणि साथीची मर्यादा ताशी २५ किमी. अमेरिकेत २००२ च्या संघीय कायद्याने ७५० वॅट आणि ताशी २० मैल ही व्याख्या केली. पुढे कॅलिफोर्नियाने २०१५ मध्ये तीन वर्ग पाडले आणि ते अनेक राज्यांनी उचलले. पायवाटांवर अशा सायकली सोडाव्यात का, हा तेथे वेगळाच वाद आहे. २०१९ मध्ये अमेरिकेच्या इंटिरिअर खात्याने, म्हणजे सार्वजनिक जमिनी सांभाळणाऱ्या विभागाने, त्या खुल्या करण्याच्या दिशेने आदेश काढला.

भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम २(यू) नुसार मोटरीची तीस मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी असलेली आणि ताशी २५ किमीला, किंवा पायडल थांबताच, साथ सोडणारी सायकल मोटार वाहन ठरत नाही. मात्र तसे प्रमाणपत्र मान्यताप्राप्त संस्थेचे लागते. पुण्यातील एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) ही अशीच एक संस्था. ७५० किंवा १,००० वॅटचा संच या सवलतीत बसत नाही. डिस्प्लेमध्ये वेगमर्यादा २५ वर ठेवली तरी त्याने मोटरीची शक्ती बदलत नाही.

महाराष्ट्रातील वापर : येथे विकल्या जाणाऱ्या विद्युत सायकलींत हब मोटरीच अधिक दिसतात. मिड-ड्राइव्ह संच प्रामुख्याने आयात करून, गिअरच्या हार्डटेलवर बसवले जातात. कॉटर पिनचे (पाचरीने अडकवलेले) क्रँक असलेली जुनी काळी सायकल या कामाला सोयीची नाही. तिचा शेल आणि आटे संचाच्या मापांशी जुळतीलच असे नाही. सह्याद्रीतील पावसाळा हा इथला खास प्रश्न. लाल चिखल चेनमध्ये वाळून वाटणासारखा घासतो आणि पाणी वायरींवरून ओघळत कनेक्टरमध्ये उतरते. म्हणून प्रत्येक वायरीला कनेक्टरच्या आधी खाली लोंबणारा एक वळसा देतात, म्हणजे थेंब तिथेच गळतो. धुताना पाण्याचा दाबाचा फवारा मोटरीच्या आसावर मारत नाहीत. पावसाळा संपला की डबा उघडून जुने, पाणी मिसळून पांढरे पडलेले ग्रीस पुसतात आणि नायलॉनच्या चक्राला नवे लावतात.