कुत्र्यांच्या पैदाशीची नोंदणी: पात्रता, कागदपत्रं आणि नसबंदीची अट

घरात दोनच लॅब्रॅडोर आहेत, वर्षातून एखादं वेत होतं, पिल्लं ओळखीतल्या लोकांनाच विकली जातात. अशा घराला ब्रीडर म्हणून नोंदणी लागते का? पिल्लं विकायची म्हणून पैदास करत असाल, तर लागते. केंद्र सरकारने प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० या कायद्याखाली मे २०१७ मध्ये कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांसाठी नियम लागू केले. अमुक इतकी कुत्री असली तरच ब्रीडर, असा आकडा त्यांत दिलेला नाही. ‘आम्ही काही व्यवसाय करत नाही, हौस आहे’ या उत्तराला त्यामुळे फारसा आधार राहत नाही. ब्रीडरच्या व्याख्येत मधला दलाल, व्यापारी आणि बोर्डिंग केनेल (दुसऱ्यांची कुत्री काही दिवस सांभाळण्याची जागा) चालवणाराही येतो. स्वतः एकही वेत न काढता इकडची पिल्लं तिकडे विकणाऱ्यालाही ही नोंदणी चुकत नाही.

आधी एक गल्लत दूर करायला हवी, कारण निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो. तीन वेगवेगळे कागद लोक एकच समजतात. महापालिकेचा श्वान परवाना कुत्रं पाळण्यासाठी असतो. केनेल क्लब ऑफ इंडियाचा कागद कुत्र्याची वंशावळ सांगतो. तो एका क्लबचा दस्तऐवज आहे, सरकारी परवानगी नव्हे. पैदास आणि विक्रीची नोंदणी देतं ते राज्याचं प्राणी कल्याण मंडळ. पहिले दोन कागद कितीही चोख असले, तरी तिसऱ्याची जागा घेत नाहीत.

अर्ज कोणी, कसा करायचा

अर्जदार सज्ञान आणि करार करण्यास सक्षम असावा लागतो. अर्ज नियमांसोबतच्या ठरलेल्या नमुन्यात राज्य मंडळाकडे करायचा. शुल्क ५,००० रुपये, आणि अर्ज नामंजूर झाला तरी ते परत मिळत नाही. म्हणूनच कागद पूर्ण जमेपर्यंत पैसे भरण्याची घाई करू नये. दोन ठिकाणी केनेल असतील, तर दोन स्वतंत्र अर्ज. शहरातल्या घरी आई आणि पिल्लं, शेतावर नर, अशी विभागणी असणारे इथे हमखास अडकतात. अर्जात एकच पत्ता असतो आणि पाहणीच्या दिवशी निम्मी कुत्री त्या पत्त्यावर नसतात.

महाराष्ट्रात मंडळाचं काम पशुसंवर्धन विभागाशी जोडलेलं आहे. विभागाचं आयुक्तालय पुण्यात औंधला आहे, पण सुरुवात तिथून करायची गरज नाही. जिल्ह्याच्या पशुसंवर्धन उपायुक्त कार्यालयात चालू नमुना आणि शुल्क भरण्याची पद्धत विचारून घ्यावी.

कागदपत्रांची यादी राज्यागणिक थोडीफार बदलते, पण ही तयारी करून ठेवली की सहसा धावपळ होत नाही:

- ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा. भागीदारी किंवा संस्था असेल तर तिची नोंदणी
- जागेचा मालकी पुरावा, किंवा भाडेकरार आणि जागामालकाचं संमतीपत्र
- स्थानिक संस्थेचा परवाना किंवा ना हरकत दाखला
- प्रत्येक कुत्र्याची नोंद: जात, लिंग, जन्मतारीख, मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळखीची चिप) क्रमांक, लसीकरण
- नोंदणीकृत पशुवैद्यकाचं पत्र, की या केनेलमधल्या जनावरांची तपासणी तो करतो
- केनेलचा साधा नकाशा आणि फोटो

भाडेकरार नीट वाचून घ्या. ‘फक्त निवासी वापरासाठी’ असं त्यात लिहिलेलं असतं आणि मग संमतीपत्र आणलं तरी शंका काढली जाते. सोसायटीतल्या फ्लॅटची गोष्ट आणखी अवघड. पाळीव कुत्रं ठेवायला सोसायटी सरसकट बंदी घालू शकत नाही, हे खरं; पण त्या बळावर फ्लॅटमध्ये पैदास करता येईल, असं गृहीत धरू नये.

सगळ्यात जास्त खटके उडतात ते मायक्रोचिपवर. चिपचा क्रमांक १५ अंकी असतो आणि तो लसीच्या पुस्तकात, वंशावळीच्या कागदावर, अर्जात असा तीन-चार ठिकाणी हाताने लिहिला जातो. एक अंक चुकला की कागदोपत्री ते दुसरंच कुत्रं ठरतं. अर्ज भरण्याआधी पशुवैद्यकाकडून प्रत्येक चिप स्कॅनरने वाचून घ्या आणि यादी त्यावरून तयार करा, जुन्या कागदांवरून नको. वंशावळीचा कागद अजून आधीच्या मालकाच्या नावावर असेल, तर तो बदलूनच पुढे जा.

पाहणीत काय बघतात

नोंदणी देण्याआधी जागेची पाहणी होते. कुत्र्याला सरळ उभं राहता, वळता, अंग पसरून झोपता येईल एवढी जागा, वारा आणि उजेड, कोरडी जमीन, पिण्याचं स्वच्छ पाणी, विण्यासाठी वेगळी शांत जागा, आजारी जनावर बाजूला ठेवण्याची सोय. यातलं शेवटचं बहुतेकांकडे नसतं. पार्व्होसारखा आजार एका पिल्लातून सगळ्या वेतात दोन-चार दिवसांत पसरतो, त्यामुळे ही मागणी कागदी म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

प्रमाणपत्राची मुदत २ वर्षं. ते केनेलमध्ये दिसेल असं लावायचं, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, आणि मुदत संपण्याआधी नूतनीकरणाचा अर्ज द्यायचा. वर्षभरात किती जनावरं विकली, दिली, मेली याचा वार्षिक अहवाल मंडळाला पाठवावा लागतो. नोंदवही रोजच्या रोज लिहिली नसेल, तर हा अहवाल अंदाजाने भरला जातो आणि नूतनीकरणाच्या वेळी आकडे जुळत नाहीत.

पैदाशीच्या मर्यादा

नर आणि मादी दोघंही १८ महिन्यांहून मोठी आणि पशुवैद्यकाने निरोगी असल्याचा दाखला दिलेली हवीत. मादीचं १२ महिन्यांत एकच वेत, आयुष्यात जास्तीत जास्त ५ वेतं आणि ८ वर्षांनंतर पैदास बंद. मादी साधारण सहा-सात महिन्यांनी माजावर येते, म्हणजे एक माज सोडून द्यावाच लागतो. बाप-लेक, आई-मुलगा, भाऊ-बहीण असं जुळवणं चालत नाही. माजाची, जुळवल्याची आणि विण्याची तारीख लिहून ठेवली असेल तर यातली प्रत्येक गोष्ट सिद्ध करता येते. गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा, त्यामुळे खोटी तारीख लगेच उघडी पडते.

नसबंदीची अट नेमकी कुठे लागते

‘पाळीव कुत्र्याची नसबंदी सक्तीची झाली’ असं अधूनमधून पसरतं. अमेरिकेत काही शहरांत तसा नियम खरोखरच आहे. लॉस एंजेलिसने २००८ मध्ये ४ महिन्यांवरच्या कुत्र्यांची नसबंदी बंधनकारक केली आणि ब्रीडिंगचा परवाना घेणाऱ्यांना त्यातून वगळलं. २०१७ च्या आपल्या नियमांची रचना वेगळी आहे. इथे अट मालकीला नाही, विक्रीला चिकटलेली आहे.

८ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. ६ महिन्यांहून मोठं कुत्रं नसबंदी केल्याशिवाय विकता येत नाही. अपवाद एकच: घेणारा स्वतः नोंदणीकृत ब्रीडर असेल तर. अशा वेळी त्याच्या प्रमाणपत्राची प्रत घ्या आणि मुदत संपलेली नाही ना, ते तारखेसह तपासा. ‘अर्ज केलाय, येईलच’ यावर कुत्रं देऊ नका.

थोडक्यात, विक्रीची निर्धोक खिडकी चार महिन्यांची. ती हुकली की प्रश्न गुंतागुंतीचा होतो, कारण लॅब्रॅडोर, गोल्डन रिट्रिव्हर, जर्मन शेफर्ड अशा मोठ्या जातींत सांध्यांची वाढ पूर्ण होण्याआधी नसबंदी केली तर पुढे सांध्यांचे विकार होण्याची शक्यता वाढते. अनेक पशुवैद्यक या जातींना वर्षभर थांबायला सांगतात. मग न विकलेलं सात महिन्यांचं पिल्लू एकतर सांभाळायचं, नाहीतर शस्त्रक्रिया करून विकायचं. यावर उपाय एकच दिसतो: गिऱ्हाईक आधी, जुळवणी नंतर.

शस्त्रक्रिया करायचीच ठरली, तर मादी माजावर असताना टाळावी, रक्तस्राव जास्त होतो. टाके साधारण १० ते १४ दिवसांनी काढतात, तोवर टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात शंकूसारखी कॉलर हवीच. दाखल्यावर चिपचा क्रमांक लिहून घ्या. ‘एक काळी लॅब्रॅडोर मादी’ एवढ्यावर काहीच सिद्ध होत नाही. कान कापून खूण करतात ती भटक्या कुत्र्यांना, तुमच्या कुत्र्याला त्याची गरज नाही.

२०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियमही माहीत असू द्या. भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीचं काम त्यांत स्थानिक संस्थांकडे आहे, पण पाळीव जनावराचं लसीकरण, जंताचं औषध आणि नसबंदी यांची जबाबदारी मालकावर टाकलेली आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्राने राज्यांना पत्र पाठवून २३ आक्रमक जातींची पैदास आणि विक्री थांबवायला आणि आधीपासून पाळलेल्या कुत्र्यांची नसबंदी करून घ्यायला सांगितलं होतं. कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये ते रद्द केलं. जुने संदेश अजून फिरतात, त्यावरून घाबरून जाऊ नये. परदेशातून पैदाशीसाठी कुत्रं आणण्यावर केंद्राने एप्रिल २०१६ मध्ये बंदी घातली होती.

विकताना द्यायचे कागद

पिल्लाला विक्रीआधी चिप बसवलेली असावी आणि वयानुसार लस व जंताचं औषध दिलेलं असावं. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांची झाल्यावर देतात, म्हणून आठ आठवड्यांच्या पिल्लाच्या पुस्तकात ती दिसणार नाही. पुढची तारीख लिहून द्या. पावतीवर तुमचा नोंदणी क्रमांक, पिल्लाची जात, जन्मतारीख, चिप क्रमांक आणि घेणाऱ्याचं नाव-पत्ता. सज्ञान नसलेल्या (१८ वर्षांखालच्या) मुलाला विक्री नाही.

नियम मोडल्याची शिक्षा वाचून काहींना हसू येतं. मूळ कायद्यानुसार नियमभंगाला १०० रुपयांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. १९६० मधला आकडा आहे तो. पण नोंदणी गेली की पैदास आणि विक्रीचा हक्कच जातो, आणि ६ महिन्यांवरचं नसबंदी न केलेलं कुत्रं ब्रीडर म्हणून विकत घेण्याची सवलतही जाते.