पापलेटची शेपटी नीट दुमडायची कशी? (अ‍ॅप्लिकच्या किटसोबतचा कागद)

आमच्याकडून अ‍ॅप्लिकचं (म्हणजे कापडाचे आकार कापून दुसऱ्या कापडावर शिवायचं) किट नेलं की आठ-दहा दिवसांत फोन येतो आणि वाक्य ठरलेलं असतं, "ताई, माझा टाकाच चांगला येत नाही हो". फोटो मागवून बघितला की टाका झकास असतो, गडबड असते ती त्याच्या आधी, कडा दुमडतानाच कुठेतरी टेंगूळ आलेलं, कुठे टोक बोथट झालेलं, आणि मग सुई बिचारी ते झाकत बसते. म्हणून हा कागद. मासा, होडी, आंब्याचं पान, जास्वंद, सगळ्या किटना हेच लागू.

कापड आधी धुवा. लाल आणि गडद निळं तर नक्कीच, नाहीतर पांढऱ्या वाकळीवर पहिल्याच धुण्यात रंग उतरतो आणि मग रडून उपयोग नाही. सुती कापडच घ्या, पॉपलिन, केंब्रिक मस्त. टेरिकॉटची घडी बसतच नाही, दुमडली की परत उघडते. आजीच्या जुन्या लुगड्याचं कापड वापरायची हौस असेल तर जरूर वापरा पण ते विरलेलं असतं, कडेचे धागे लगेच सुटतात, त्याला आधी अख्खी खळ देऊन इस्त्री करून मगच कापा.

किटमध्ये एका बाजूने चकचकीत असलेला कागद आहे तो फ्रीझर पेपर. बेकरीवाल्यांचा बटर पेपर वेगळा, तो कापडाला चिकटतच नाही, दोन जणींनी तो वापरून आमच्याशी भांडण केलंय. याचे दोन तुकडे एकावर एक, दोन्हींची चकचकीत बाजू खाली, असे इस्त्रीने चिकटवून घेतले की कड जरा कडक मिळते आणि तोच साचा परत परत वापरता येतो.

आता महत्त्वाचं. कागद कापडाच्या उलट बाजूला चिकटतो, म्हणजे आकार सुलट बाजूला आरशातल्यासारखा उलटा होतो. मागच्या वर्षी हे विसरून आम्ही स्वतःच एका ऑर्डरचे बारा पापलेट कापले आणि सगळे उजवीकडे जायच्या ऐवजी डावीकडे निघाले, त्यामुळे सांगतोय, साचा उलटाच काढायचा. पान, चकती अशा दोन्हीकडून सारख्या आकारांना काही फरक पडत नाही.

साचा मायेशिवाय (माया म्हणजे दुमडायला भोवती सोडलेली जास्तीची कड), बरोबर रेघेवर कापा. कोरड्या इस्त्रीने (वाफ नको) कापडाच्या उलट बाजूला चिकटवा आणि मग भोवती दोन सूत म्हणजे पाव इंच माया ठेवून कापड कापा. जास्त माया ठेवली की आत गठ्ठा होतो, कमी ठेवली की दुमडताना बोटातून निसटते. जमलं तर पानाची लांब कड उरेब (कापडाच्या धाग्यांना तिरपी) येईल असं ठेवा, उरेब कापड वळणावर स्वतःहून वळतं.

शेपटीकडे येऊ. पापलेटच्या शेपटीच्या मधोमध आत गेलेली खाच असते, तिथे माया ताणली जाते आणि न कापता दुमडायला गेलात तर ती दुमडणारच नाही. त्या खाचेत एकच सरळ काप द्यायचा, टोकदार कात्रीने, कागदाला एक-दोन धागे उरेपर्यंत. अलीकडे थांबलात तर चुणी पडते, कागदापर्यंत गेलात तर धागे सुटतात. शिवताना तिथे तीन-चार टाके अगदी जवळजवळ घाला. पाठ आणि पोट मात्र बाहेरच्या वळणाचं, तिथे काप देऊ नका, उगाच कोपरे कोपरे दिसतात, माया थोडी बारीक करून इस्त्रीच्या टोकाने हळूहळू सारत न्या.

खळ घरची चालते. एक चमचा कॉर्नफ्लॉवर एक कप पाण्यात शिजवून पारदर्शक होईपर्यंत ढवळा आणि गार करा, नाहीतर पेजेचं पाणी दोनदा गाळून घ्या. लहान ब्रशने फक्त मायेवर लावायची, पूर्ण कापड भिजवायचं नाही. मग इस्त्रीचं टोक वापरून माया कागदाच्या कडेवर ओढून दाबायची, अर्धा-एक इंच झाला की पुढे. बोटं सांभाळा, लाकडी चमच्याचा दांडा घेतलात तर चटके कमी बसतात.

पानाच्या टोकाला आधी टोकच खाली दुमडा, मग एक बाजू, मग बाहेर डोकावणारा शेपूट-तुकडा कापा आणि शेवटी दुसरी बाजू. उलट क्रमाने केलंत तर टोकावर सगळा गठ्ठा जमतो. चकतीसाठी (माशाचा डोळा, जास्वंदीचा गाभा) मायेत बारीक धावदोरा घालून आत कार्ड ठेवायचं, दोरा ओढून घट्ट करायचा, खळ, इस्त्री, गार झालं की दोरा सैल करून कार्ड काढायचं. लग्नाच्या पत्रिकेचं जाड कार्ड उत्तम, पण सोनेरी छपाई किंवा प्लास्टिकची चमक असलेलं नको, गरम इस्त्रीला वितळतं.

आणि एक, जो भाग दुसऱ्या तुकड्याखाली जाणार तो दुमडूच नका, उदाहरणार्थ शिडाचा खालचा भाग होडीखाली सपाटच राहू दे, पुढची होडी बरोबर बसते.

पूर्ण वाळलं आणि गार झालं की कागद काढा, सुलट बाजूने परत एकदा इस्त्री. शिवताना दोरा आकाराच्या रंगाचा, मागच्या कापडाच्या नव्हे, सुई बारीक, दहा नंबर.

पावसाळ्यात आपल्याकडे कापडाला ओल धरते, कागद चिकटत नाही म्हणून फोन करण्याआधी कापडावर नुसती कोरडी इस्त्री फिरवून बघा. खळ दिलेले आकार उघडे ठेवले तर बुरशी नाहीतर झुरळं, दोन्हीपैकी एक नक्की, म्हणून झाकणाच्या डब्यात ठेवा आणि शक्यतो महिन्याभरात शिवून टाका, वाकळ पूर्ण झाली की साध्या पाण्यात धुऊन खळ काढून टाका. किटमधल्या सुया टिकवायच्या असतील तर पावडर लावून फ्लॅनेलच्या तुकड्यात खोचून ठेवा, इथल्या खाऱ्या हवेत दोन आठवड्यांत गंज चढतो.